आपल्या फोटोंची वेबसाइट, गावच्या नेटवर उघडणारी

फोटो काढायचा छंद असलेल्या प्रत्येकाने स्वतःची वेबसाइट करावी, असं माझं ठाम मत आहे. गावात राहून, साध्या लॅपटॉपवर, जवळजवळ फुकटात ती होते. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. माझी गावं गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला निघाले की लशीच्या बर्फाच्या डब्यासोबत कॅमेऱ्याची बॅगही गाडीवर असते. लोक डॉक्टरीनबाई म्हणतात, दारात बाज टाकून देतात, आणि बैल धरून उभे असताना फोटोला कोणी लाजत नाही. गुराखी, धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, पोळा, शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्रभर चालणारी झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं, असे फोटो वर्षानुवर्षं साठत गेले.

हे फोटो आधी व्हॉट्सअॅपवर जायचे. तिथे स्टेटस २४ तासांत उडतं. ग्रुपवर टाकलेला फोटो दाबून लहान होतो, आणि समोरच्याने फोन बदलला की तोही जातो. इन्स्टाग्रामवर नवा फोटो जुन्याला खाली ढकलत राहतो, शिवाय ज्याचं खातं नाही त्याला धड पाहताही येत नाही. एका काकाजींचा बैल म्हातारपणाने गेला. त्यांचा मुलगा दवाखान्यात आला, "मॅडम, आमच्या सर्जाचा पोळ्यातला फोटो होता न जी तुमच्यापाशी, एकडाव दाखवा न." फोटो होता. पण त्याला मनात येईल तेव्हा, त्याच्या फोनवर, मला न विचारता तो पाहता यावा अशी जागा नव्हती. ती जागा म्हणजे वेबसाइट.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा: साइट कोणासाठी? माझी साइट फोटोतल्या माणसांसाठी आहे. हे ठरल्याबरोबर बाकीचं आपोआप ठरत गेलं. ती फोनवर नीट दिसली पाहिजे, नेटवर्कची एकच कांडी असली तरी उघडली पाहिजे, मराठीत पाहिजे, आणि माणसाला आपलं गाव पटकन सापडलं पाहिजे. तुम्हाला ताडोब्यातले वाघांचे फोटो मासिकांना दाखवायचे असतील किंवा लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर तुमचं उत्तर वेगळं येईल, आणि साइटही वेगळी होईल. पण उत्तर न ठरवता टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार साचा, शोधायला बसू नका.

आधी निवड

फोटो निवडणं हेच या कामातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि इथे घाई नको. मी लॅपटॉपवर 'साइट' नावाचं वेगळं फोल्डर केलं आहे. मूळ फोटो आपापल्या वर्ष-महिन्याच्या फोल्डरात तसेच राहतात, निवडलेल्यांची फक्त कॉपी इथे येते. मूळ फोटो हलवायचा नाही, त्यावर खोडरबर चालवायचं नाही.

विषयाचे विभाग करा. माझे असे आहेत: रोवणी, तलाव, पोळा, कठाणी, नाटक. कठाणी ही आपल्या पूर्व विदर्भातली गावठी गुरांची जात. अंगाने लहान, काटक, चिखलणीच्या बांधीत न थकता चालणारी. तिची देशी जात म्हणून नोंद झालेली आहे, तरी बऱ्याच घरी तिला अजून नुसतं 'देशी' म्हणून सोडून देतात. त्यामुळे तो विभाग मी मनापासून करते. एका विभागात १२ फोटो. तेरावा फार आवडला तर बारातला एक काढायचा. बाराच का, ते पुढे नेटच्या हिशोबात येईल.

निवड कशी करायची ते रोवणीच्या दोन फोटोंवरून सांगते. एकात आभाळ भरून आलेलं, मागे पहाडीची निळी रेघ, बांधीत बायांची लांब ओळ, सगळ्या वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. फार देखणा फोटो. दुसऱ्यात फक्त दोन हात आहेत. डाव्या हातात पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) जुडी, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात गेलेली, अंगठा मुळाशी दाबलेला, आणि काचेच्या हिरव्या बांगड्यांवर चिखल वाळून पांढुरका झालेला. विभागाच्या पहिल्या जागी मी हातांचा फोटो ठेवला. कारण फोनच्या पडद्यावर आधी दिसतो तो छोटा चौकोन, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. त्यात बायांची ओळ म्हणजे नुसते ठिपके होतात, हात मात्र हातच दिसतात. तेव्हा निवडीच्या वेळी फोटो लॅपटॉपवर पूर्ण उघडून पाहू नका. ते फोनमध्ये घ्या, गॅलरीत छोट्या चौकोनांत पाहा, आणि दुपारच्या उन्हात अंगणात उभं राहून पाहा. जो तिथे ओळखू येतो तो पुढे.

माणसांच्या बाबतीत मी आणखी एक कसोटी लावते. हा फोटो त्या माणसाने स्वतःच्या घरात फ्रेम करून लावला असता का? फाटकी बनियान चालते, घाम चालतो, चिखल तर चालतोच. पण ज्यात माणूस बिचारा दिसतो तो फोटो, मग प्रकाश कितीही सुंदर पडलेला असो, साइटवर नको.

फोटो हलके करणं

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. एक फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा, फाइल आठ-दहा एमबीची. आता हिशोब करा. गावात संध्याकाळी नेट १ एमबीपीएसवर आलं, तर सेकंदाला साधारण १२५ केबी उतरतात. दहा एमबीचा एक फोटो यायला ८० सेकंद. असे १२ फोटो एका पानावर टाकले तर १६ मिनिटं. कोण थांबेल?

म्हणून प्रत्येक फोटोच्या दोन प्रती करायच्या. मोठी प्रत, जी बोट लावल्यावर उघडते: लांब बाजू २००० ठिपके, जेपीजी, क्वालिटी ८० च्या आसपास, साधारण चार-पाचशे केबी. छोटी प्रत, जी पानावर चौकोनात दिसते: लांब बाजू ६०० ठिपके, चाळीसेक केबी. मग पान उघडताना १२ छोटे फोटो, म्हणजे ४८० केबी, त्याच रडक्या नेटवर चार सेकंदांत येतात. बारा आकडा इथून आला. मोठी प्रत, ज्याला पाहायची तोच उतरवून घेतो.

एकेक फोटो लहान करायला गूगलचं स्क्वूश हे फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं, आणि फोटो तुमच्या मशीनबाहेर जात नाही. डावीकडे मूळ, उजवीकडे हलका, मधली रेघ सरकवून फरक पाहता येतो. क्वालिटी किती खाली नेली की भाताच्या लोंब्या पुसट होतात, हे डोळ्यांनी एकदा पाहून ठेवा, पुढे अंदाज बसतो. पूर्ण फोल्डर एकदम करायचं असेल तर एक्सएनकन्व्हर्ट घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. वेबपी नावाचा प्रकार जेपीजीपेक्षा बराच हलका पडतो, आणि आजचे सगळे ब्राउझर तो उघडतात. तरी मी जेपीजीच ठेवते, कारण लोक फोटो सेव्ह करून अर्जुनीला फोटो स्टुडिओत प्रिंट काढायला नेतात, आणि तिथे जेपीजीवर कोणी प्रश्न विचारत नाही.

रंगांची एक बाब. कॅमेऱ्याच्या मेनूत 'कलर स्पेस' असतं, तिथे एसआरजीबी ठेवा. अडोबी आरजीबीत काढलेला फोटो जसाच्या तसा वेबवर टाकला तर काही फोनवर मेल्यासारखा दिसतो. पळसाचा केशरी आणि पोळ्यातल्या झुलींचा गुलाबी आधी मार खातात. आधीचे फोटो तसे असतील तर हलकं करतानाच एसआरजीबीत बदलून घ्या.

फाइलींची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता, शब्द आडव्या रेघेने जोडून द्या. देवनागरीत नाव दिलं तर पत्त्यात टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, ती कोणाला पाठवता येत नाही. आणि हे नीट लक्षात ठेवा: विंडोजला लहान-मोठ्या लिपीचा फरक कळत नाही, वेबच्या सर्व्हरला कळतो. फाइलच्या शेवटी कॅमेऱ्याने मोठ्या लिपीत 'जेपीजी' लिहिलेलं असतं, आणि पानात आपण लहान लिपीत लिहितो. लॅपटॉपवर सगळं छान दिसतं, साइटवर चढवल्यावर फोटोच्या जागी रिकामी चौकट. नव्या माणसाचे निम्मे 'फोटो दिसत नाही' इथेच सुटतात.

फोटोखालची ओळ

या भागावर माझा जीव आहे. फोटोखाली चार गोष्टी लिहाव्या: कुठलं गाव, कोणता महिना आणि वर्ष, काय चाललं आहे, आणि माणसाची हरकत नसेल तर त्याचं नाव. 'सुंदर पहाट', 'ग्रामीण जीवन' असलं काही लिहू नका. त्याने पाहणाऱ्याला काहीच मिळत नाही. 'तोरण तोडण्याआधी झडत्या म्हणणारी मंडळी, पोळा, २०२२' असं लिहिलं की त्या गावचा पोरगा थांबून एकेक चेहरा ओळखू लागतो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी असेल तर तो कोणी कोरला ते लिहा. बैलाला नाव असतं, ते लिहा. कामांची नावं आपल्या इकडची ठेवा: चिखलणी, रोवणी, निंदण, चुरणा. पुण्या-मुंबईच्या वाचकाला एखादा शब्द अडला तर फोटो समोरच आहे.

तलावांच्या फोटोंखाली मी थोडं जास्त लिहिते. हे माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यांतले बरेच कोहळी समाजाने बांधलेले, आणि मुख्यतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेले. पाळ (तलावाचा बांध), सलंग (सांडवा), पाणी कोणत्या बांध्यांना जातं, मासेमारी कोणाकडे आहे, हे फोटोसोबत लिहून ठेवलं नाही तर दहा वर्षांनी तो कुठल्याही पाण्याचा फोटो होऊन बसतो. माहिती गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या. मोबाइलवर आवाज टेप करून ठेवलात तर आणखी चांगलं.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. फोनचा गूगल कीबोर्ड, बोलून लिहिणं, काहीही चालेल. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबवर गचाळ इंग्रजी अक्षरं होऊन दिसतो, म्हणून डीटीपीवाल्याकडून पत्रिकेसारखा टाइप करून आणू नका. फॉन्ट वेगळा जोडायची गरज मला वाटत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच असतो, आणि न जोडलेला फॉन्ट उतरवायला डेटा लागत नाही. हौसच असेल तर मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी हे दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात.

याशिवाय पानाच्या कोडमध्ये प्रत्येक फोटोला 'ऑल्ट' नावाची जागा असते. तिथे फोटोत काय दिसतं ते एका साध्या वाक्यात लिहा. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाचा फोन ते वाक्य वाचून दाखवतो, आणि गूगलच्या शोधालाही फोटो कशाचा आहे ते त्यावरून समजतं.

साइटवर न टाकायच्या गोष्टी

गुरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ अंकी क्रमांक. तो क्रमांक सरकारी नोंदीत मालकाच्या नावाशी आणि मोबाइल नंबरशी जोडलेला असतो. २००० ठिपक्यांच्या फोटोत तो सहज वाचता येतो. मी मोठी प्रत करण्याआधी प्रत्येक फोटो पूर्ण मोठा करून कान पाहते, आणि आकडे धूसर करते. गाडीचे नंबर, भिंतीवर खडूने लिहिलेले मोबाइल नंबर, हेही तसंच. माझ्या नोकरीतल्या कामाचे, रजिस्टरचे फोटो साइटवर नसतात. तुमचीही नोकरी असेल तर ही रेघ पहिल्या दिवशीच आखून घ्या.

लेकरांचे फोटो आई-बापाला विचारून. शाळेचं नाव ओळीत नको. मोठ्या माणसांनाही मी फोटो फोनवर दाखवते आणि सरळ विचारते, "हा नेटवर टाकू का? कोणालाही दिसेल." 'नेटवर' आणि 'कोणालाही' हे दोन शब्द उच्चारल्याशिवाय घेतलेली परवानगी मी परवानगी मानत नाही. बायका कधी कधी घरी विचारून सांगते म्हणतात. थांबावं.

फोनने काढलेल्या फोटोत, जीपीएस चालू असेल तर, जागेचे अक्षांश-रेखांश फाइलच्या आत लिहिलेले असतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण फाइल उतरवून घेणाऱ्याला नकाशावर थेट ती बांधी सापडते. आपल्या भागात याचं महत्त्व फार आहे. महाराष्ट्रात सारस क्रौंच प्रामुख्याने गोंदियात राहिले आहेत. ते पावसाळ्यात धानाच्या बांधीत, पाणथळीत घरटं करतात, आणि एका वेळी साधारण दोनच अंडी असतात. घरट्याची जागा फुटली की कॅमेरेवाल्यांची रांग लागते, जोडी उठून जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपाखरांच्या अंड्या-घरट्यांना त्रास देणं शिकारीतच धरलं आहे. माझ्या साइटवर सारसाचे फोटो आहेत, घरट्याचा एकही नाही, आणि त्यांच्या ओळीत गावाऐवजी फक्त 'गोंदिया जिल्हा' लिहिलेलं आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या काठच्या गावांतल्या वाघ-बिबट्याच्या फोटोंनाही हाच नियम लावा. स्क्वूशमधून निघालेल्या फाइलीत ही आतली माहिती राहत नाही. एक्सएनकन्व्हर्टमध्ये 'मेटाडेटा' ठेवायचा की नाही याची खूण असते, ती काढून टाका.

चोरीची भीती वाटणाऱ्यांसाठी: भारतात फोटोचा हक्क काढणाऱ्याकडे आपोआप असतो, नोंदणी लागत नाही, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार (२०१२ च्या दुरुस्तीनंतर) तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पैसे घेऊन ऑर्डरीने काढलेला लग्नाचा फोटो मात्र, वेगळा करार नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याच्या हक्काचा होतो. फोटोच्या मधोमध स्वतःचं नाव आडवं मारू नका. २००० ठिपक्यांची प्रत घरगुती प्रिंटला पुरते, मोठ्या होर्डिंगला नाही, एवढं संरक्षण छंदाला पुष्कळ झालं.

साइट उभी करणं

रस्ते तीन आहेत. गूगल साइट्सवर कोड न लिहिता एका दुपारी साइट होते. ज्याला कोडचं नावही नको त्याने हाच रस्ता धरावा आणि समाधानी असावं. वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर जागा भाड्याने घेऊन चालवता येतं, पण दरवर्षी भाडं, आणि त्याची अपडेट वेळेवर केली नाहीत तर साइट हॅक होते. फक्त फोटो दाखवायला एवढा व्याप मला गरजेचा वाटत नाही. तिसरा रस्ता माझा: तयार टेम्प्लेट घ्यायचं, नोटपॅडमध्ये बदलायचं, आणि गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहब या साइटच्या पानं ठेवायच्या सोयीवर, फुकट ठेवायचं. पान किती जड करायचं ते इथे पूर्ण आपल्या हातात राहतं.

एचटीएमएल-फाइव्ह अप या साइटवर फुकट टेम्प्लेटं आहेत. त्यांतलं मल्टिव्हर्स फोटोंसाठीच केलेलं आहे. झिप उतरवा, उघडा. आत 'इंडेक्स' नावाचं एचटीएमएल पान आणि 'इमेजेस' फोल्डर. त्या फोल्डरात दोन कप्पे: 'फुल्स' आणि 'थंब्ज'. मोठ्या प्रती पहिल्यात, छोट्या दुसऱ्यात, दोन्हीकडे एकाच नावाने. इंडेक्स पान नोटपॅडमध्ये उघडलं की प्रत्येक फोटोचा एक तुकडा दिसेल, 'आर्टिकल' या शब्दाने सुरू होणारा आणि त्याच शब्दाने संपणारा. तुकड्यात पाचच जागी हात लावायचा: मोठ्या फोटोचं नाव, छोट्या फोटोचं नाव, त्याचा 'ऑल्ट', शीर्षक, आणि खालची ओळ. फोटो वाढवायचा तर पूर्ण तुकडा कॉपी करून खाली चिकटवा, कमी करायचा तर पूर्ण तुकडा काढा. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना पाहा, नाहीतर मराठीची जागा प्रश्नचिन्हं घेतात.

मराठीसाठी आणखी दोन बदल. पानाच्या अगदी वर, 'एचटीएमएल' या खुणेत, भाषेच्या ('लँग') जागी 'ईएन' लिहिलेलं असेल तर 'एमआर' करा, ती जागाच नसेल तर घाला. दुसरा बदल जास्त डोळ्यांत भरणारा आहे. इंग्रजी टेम्प्लेटांत शीर्षकांच्या अक्षरांमध्ये 'लेटर-स्पेसिंग' नावाने मुद्दाम फट दिलेली असते. इंग्रजीला ती शोभते. मराठीत तिने शिरोरेघ तुटते आणि 'रोवणी' चे तीन वेगवेगळे तुकडे लटकलेले दिसतात. 'असेट्स' मधल्या 'सीएसएस' कप्प्यात 'मेन' नावाची फाइल आहे. तिच्यात 'लेटर-स्पेसिंग' शोधा आणि जिथे जिथे सापडेल तिथे शून्य करा. ओळींमधलं अंतर, 'लाइन-हाइट', जरा वाढवा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकत नाहीत.

प्रत्येक विभागासाठी इंडेक्स पानाची एक प्रत करून तिला विभागाचं नाव द्या, आणि इंडेक्सवर सगळ्यांच्या लिंका. 'गावं' नावाचं एक साधं पान जरूर करा: गावांची यादी, प्रत्येक नावापुढे त्या गावचे फोटो ज्या पानावर आहेत तिथली लिंक. माझ्या साइटवर लोक सगळ्यात आधी तेच उघडतात. टेम्प्लेट बनवणाऱ्याचं नाव तळाशी असतं, ते काढू नका. फुकट वापराची अटच ती आहे.

मग गिटहबवर खातं काढा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. नवी 'रिपॉझिटरी', म्हणजे साइटच्या फाइलींचं कोठार, करा, पब्लिक ठेवा. नाव म्हणून तुमचं खात्याचं नाव, डॉट, गिटहब, डॉट, आयओ असं दिलंत तर तोच साइटचा पत्ता होतो. 'अपलोड फाइल्स' मध्ये फोल्डर ओढून टाका. एका खेपेला १०० पर्यंत फाइली जातात, तेव्हा विभागवार चढवा. शेवटी 'कमिट' दाबा. मग 'सेटिंग्ज', त्यात 'पेजेस', तिथे 'मेन' ब्रँच निवडून सेव्ह. काही मिनिटांत साइट जिवंत होते. पूर्ण साइट १ जीबीच्या आत ठेवायची असते. आपल्या दोन प्रतींच्या हिशोबाने त्यात दीड-दोन हजार फोटो मावतील. पब्लिक म्हणजे तिथल्या फाइली कोणीही पाहू शकतो, म्हणून मूळ मोठे फोटो तिथे साठवणीला टाकू नका. आमच्याकडे वीज जाते तेव्हा मोबाइल टॉवरही दम टाकतो, त्यामुळे चढवण्याचं काम मी पहाटे करते.

पत्ता

गिटहबचा फुकटचा पत्ता चालतो. स्वतःचा हवा असेल तर डॉट इन घ्या, वर्षाला काही शे रुपये. घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर पाहा. देवनागरीत डॉट भारत हेही २०१४ पासून मिळतं. वाचायला ते फार गोड दिसतं, पण काही ठिकाणी चिकटवलं की त्याचं एक्सएन-ने सुरू होणारं विचित्र इंग्रजी रूप होतं, म्हणून मुख्य पत्ता मी डॉट इन ठेवेन. नाव असं ठेवा की फोनवर बोलून सांगता येईल आणि ऐकणाऱ्याला स्पेलिंग विचारावं लागणार नाही. ज्या ईमेलवर आणि सिमवर ते घेतलं ते दोन्ही चालू ठेवा, ओटीपी तिथेच येतो. पत्ता जोडण्याची रीत गिटहबच्या मदत-पानावर पायरीपायरीने दिलेली आहे. जोडून झाल्यावर 'एन्फोर्स एचटीटीपीएस' ला खूण करा, म्हणजे उघडणाऱ्याला 'असुरक्षित' असा इशारा दिसत नाही.

तपासणी आणि वाटप

साइट लॅपटॉपवर पाहून खूश होऊ नका. जुन्यातला जुना फोन मागून घ्या, वायफाय बंद करा, जिथे नेटवर्क रडतं तिथे उभं राहून उघडा. लॅपटॉपवर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट मुद्दाम थ्री-जीएवढं हळू करून पाहता येतं. पण आठवडी बाजाराच्या दिवशी भर बाजारात उघडून पाहणं ही माझी खरी परीक्षा, कारण तेव्हा सगळा तालुका एकाच टॉवरवर असतो. आणि एखाद्या मावशीच्या हातात फोन देऊन, तोंडाने काही न सांगता, तिला तिचं गाव शोधू द्या. ती जिथे अडली ती जागा दुरुस्त करा.

व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली की सोबत छोटं चित्र दिसावं लागतं, नाहीतर लोक ती फसवणुकीची लिंक समजून उघडत नाहीत, आणि आजच्या दिवसांत त्यांचं बरोबरच आहे. त्यासाठी पानाच्या कोडमध्ये 'ओजी-इमेज' नावाची एक ओळ घालावी लागते. त्यात फोटोचा पूर्ण पत्ता द्या, फोटो जेपीजी आणि हलका ठेवा.

फोटोतल्या माणसाला मी शक्य तेव्हा चार बाय सहाची प्रिंट देते, आणि तिच्या मागे त्या पानाचा क्यूआर चिकटवते. क्यूआर बनवायला क्रोमच्या शेअर मेनूतलंच साधन वापरा. फुकट क्यूआर देणाऱ्या काही साइटी मधे स्वतःचा पत्ता घालतात आणि मुदत संपली की क्यूआर बंद पाडून पैसे मागतात. भिंतीवर टांगलेल्या फोटोमागे तसला क्यूआर नको.

साइटच्या तळाशी एक ओळ लिहून ठेवा: 'तुमचा फोटो इथे असेल आणि काढून टाकायचा असेल तर कळवा, काढला जाईल.' सोबत साइटसाठीच उघडलेला वेगळा ईमेल द्या, घरचा नंबर नको. कोणी कळवलं तर कारण विचारू नका. घरात मयत झालेली असते, सोयरीक मोडलेली असते, शेत विकलेलं असतं. त्याच दिवशी काढा, आणि छोटी, मोठी अशा दोन्ही प्रती काढा. गिटहब जुन्या फाइलींचा इतिहास जपून ठेवतं, तेव्हा बाब नाजूक असेल तर रिपॉझिटरी पूर्ण खोडून नव्याने चढवायची तयारी ठेवा. साइट लहान ठेवल्याचा फायदा तेव्हा कळतो.

पूर्ण साइटच्या फोल्डरची एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी. माझी माहेरी असते. नवे फोटो मी हंगाम संपला की चढवते: रोवणीचे ऑगस्टअखेर, नाटकांचे शिमग्यानंतर. नवे १२ आले की जुन्या बारांचं पान खोडायचं नाही, त्याच्या पत्त्यात त्या वर्षाचा आकडा पहिल्यापासूनच असू द्या, पोळा-२०२३, पोळा-२०२४ असा. मग प्रिंटमागचा क्यूआर नवीन पान आल्यावरही जुन्याच फोटोवर उघडतो.